लेथवरचं पेन: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण लेथवर (माल गोल फिरवत कापायच्या मशीनवर) प्लास्टिकच्या ब्लँकपासून, म्हणजे तुकड्यापासून, पेन कसं करतात ते थोडक्यात बघितलं होतं, म्हणजे चौकोनी ब्लँक कापायचा, त्याला भोक पाडायचं, आत पितळी नळी चिकटवायची, मँड्रेलवर (लेथला लावायच्या बारीक रॉडवर) चढवून गोल करायचा, पॉलिश करायचं आणि मग किटमधली क्लिप, रिफिलचा स्क्रू, टोक वगैरे दाबून बसवायचं. त्यावर इतके मेसेज आले की संपादक म्हणाले यावेळी लेख राहू दे, उत्तरंच द्या. निम्म्याहून जास्त लोकांनी पॉलिशबद्दल विचारलंय आणि खरं सांगायचं तर त्यातले बरेच प्रश्न पॉलिशचे नाहीतच, माल गरम होण्याचे नाहीतर बोथट टूलचे आहेत.

इचलकरंजीहून: सर, माझ्याकडे लाकडाचा छोटा लेथ आहे. अॅक्रिलिकचं पेन वॉटर पेपरने ४०० पासून २००० पर्यंत घासलं, मग ऑनलाइन मागवलेले मायक्रोमेशचे नऊच्या नऊ पॅड पाणी लावून फिरवले, १५०० ते १२०००. तरी उजेडात धरलं की बारीक गोल रेघा दिसतातच. पॅड डुप्लिकेट असतील का?

असतीलही, बाजारात काय सांगता येतं. पण त्याआधी नंबरांचा घोळ बघा. वॉटर पेपरचा १५०० आणि मायक्रोमेशचा १५०० हे नावाला सारखे, बाकी त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मायक्रोमेशच्या १५०० वर साधारण ३० मायक्रॉनचे कण असतात, म्हणजे तो आपल्या हार्डवेअरच्या दुकानातल्या ५००-६०० नंबरच्या पेपरजवळ येतो. तुमचा २००० चा वॉटर पेपर १० मायक्रॉनच्या आसपासचा. म्हणजे तुम्ही घासत घासत १० मायक्रॉनवर पोचलात आणि मग परत ३० वर उतरलात आणि तिथून पुन्हा चढायला लागलात. मायक्रोमेशचे कण मऊ थरात बसवलेले असतात त्यामुळे त्याच्या रेघा उथळ पडतात हे खरं, पण पडतात. तेव्हा एकतर वॉटर पेपर ६०० ला थांबवा आणि तिथून नऊही पॅड क्रमाने घ्या, नाहीतर वॉटर पेपर २००० पर्यंत नेलाच असेल तर मायक्रोमेश ३२०० पासून सुरू करा. दोन्ही पूर्ण करण्यात नुसती मेहनत वाया जाते.

दुसरं म्हणजे तुम्ही लिहिलंय ‘गोल रेघा’. लेथ फिरत असताना घासलं की सगळ्या रेघा एकाच दिशेने, पेनाभोवती बांगडीसारख्या पडतात, आणि पुढचा नंबर पण त्याच दिशेने फिरतो त्यामुळे आधीची रेघ गेली की नाही ते डोळ्याला कळतच नाही. प्रत्येक नंबर झाला की लेथ बंद करा, तोच पेपर पेनाच्या लांबीने हाताने मागेपुढे घासा, ओल्या टिश्यूने पुसा आणि बॅटरीचा उजेड तिरका मारून बघा. एक जरी गोल रेघ दिसली तरी पुढे जायचं नाही. शेवटच्या पॅडला जी रेघ दिसते ना ती बहुतेक वेळा पहिल्या दोन पेपरांतच राहिलेली असते, १२००० ने ती जात नसते, ती फक्त चकचकीत होते.

स्पीड कमी ठेवा, ओल्या घासाईला हजार आरपीएमच्या आत भरपूर झालं, आणि पॅड दाबू नका. बोटाला गरम लागलं म्हणजे अॅक्रिलिकला केव्हाच लागलेलं असतं. शेवटी गाडीच्या पेंटवाल्यांकडे मिळतं ते बारीक रबिंग कंपाऊंड टिश्यू पेपरवर घेऊन लावलं तरी छान चालतं, पण टिश्यूच घ्या, कापड नको. कापड मँड्रेलला गुंडाळलं तर बोटासकट जातं, टिश्यू फाटून सुटतो.

भोसरीहून, निवृत्त टर्नर: आयुष्य लोखंडात गेलं, आता घरी छोटा मेटल लेथ घेतलाय. व्हिडिओत सगळे हातात गाऊज (लाकूडवाल्यांची गोल पटाशी) धरून पेन करतात, मला ते पटत नाही. माझ्या टूल-पोस्टवर, म्हणजे टूल घट्ट धरणाऱ्या शिकंजावर, होणार नाही का? आणि अॅक्रिलिकचा रॉड आणला तर टूलला चिकट लोळ येतात आणि ड्रिल करताना शेवटी टवका उडतो.

काका, तुमच्या टूल-पोस्टवर होईल आणि आमच्यापेक्षा सरळ होईल. हातातला गाऊज आकाराला गोलाई द्यायला बरा असतो म्हणून लाकूडवाले तो वापरतात, सरळ सिलिंडर पेनाला त्याची गरज नाही. फक्त लोखंडाचं टूल तसंच लावू नका. एचएसएसचा (हायस्पीड स्टीलचा) बिट घ्या, वरचा रेक, म्हणजे टूलच्या वरच्या बाजूचा उतार, शून्य किंवा अगदी किंचित निगेटिव्ह, नाकाला एखाद मिलिमीटरची गोलाई, आणि ग्राइंडरवरून काढल्यावर ऑइल स्टोनवर धार आरशासारखी करा. ही शेवटची पायरी लोखंडात आपण सोडून देतो, चालून जातं, इथे नाही चालत कारण धारेवरची प्रत्येक खाच जॉबवर जशीच्या तशी उमटते. शेवटचा कट दोन-तीन सेंटीचा, म्हणजे मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशाचा, फीड (टूल पुढे सरकायचा वेग) बारीक, आणि असा निघालेला जॉब बघितलात तर तुम्हाला ४०० चा पेपर लागणारच नाही, थेट ६०० पासून सुरू करा.

चिकट लोळ येतोय म्हणजे दोनपैकी एक. स्पीड आणि रबिंग जास्त होऊन माल गरम होतोय, अॅक्रिलिक १०० अंशाच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि टूलच्या टोकाला तेवढं तापमान यायला वेळ लागत नाही. किंवा मग रॉड एक्स्ट्रुडेड आहे. अॅक्रिलिक दोन तऱ्हेचं येतं, साच्यात ओतलेलं कास्ट आणि मशीनमधून ढकलून काढलेलं एक्स्ट्रुडेड, दिसायला दोन्ही सारखी पण एक्स्ट्रुडेड लवकर वितळतं आणि चिकटतं, कास्ट कोरडं कापतं. पुण्यात बोहरी आळीत घ्या नाहीतर मुंबईत कुठे घ्या, कास्ट आहे का हे विचारूनच घ्या आणि दुकानदार ‘सगळं एकच आहे’ म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

टवक्याचं कारण तुम्हाला खरं तर माहीतच आहे, पितळेला ड्रिल करताना जे करायचात तेच इथे. ड्रिलच्या दोन्ही कटिंग लिपवर स्टोनने छोटी सपाट पट्टी मारायची म्हणजे रेक जातो आणि ड्रिल मालात स्वतःला ओढून घेत नाही. पाच-सहा मिलिमीटर आत गेलं की बाहेर काढायचं, चिप्स झटकायच्या, साबणाच्या पाण्याचा थेंब टाकायचा, परत आत. स्पीड पाचशे-सहाशे. आणि ब्लँक मुळातच पाच-सात मिलिमीटर लांब घ्यायचा, ड्रिल पलीकडून बाहेर काढायचंच नाही, भोक हवं तेवढं खोल गेलं की मागचं टोक करवतीने कापून टाकायचं. टवका उडायला जागाच राहत नाही.

सांगलीहून, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी: दादा, निळा ट्रान्सपरंट ब्लँक घेतला, पेन मस्त झालं पण आतली पितळी नळी दिसते आणि मधे मधे पांढरे डाग पण. शिवाय दुसऱ्या पेनात टर्निंग करतानाच नळी सुटून ब्लँक फुटला. फेव्हिक्विक वापरलं होतं.

अरे, फेव्हिक्विक म्हणजे सायनोअॅक्रिलेट, ते नळी अर्धी आत गेली तोवर पकडतं. मग अर्ध्या भागात गोंद असतो आणि अर्ध्यात हवा. जिथे हवा तिथे पांढरा डाग, आणि जिथे हवा तिथेच ब्लँकला आतून आधार नाही, म्हणजे तुझे दोन्ही प्रॉब्लेम एकच आहेत. पावसाळी हवेत तर ते अजून लवकर पकडतं कारण ते दमटपणानेच सेट होतं. त्यापेक्षा दोन ट्यूबवालं अॅरल्डाइट घे, सावकाश सेट होणारं, आणि रात्रभर ठेव. नळी आधी १५० च्या पॉलिश पेपरने आडवीतिडवी घासून घ्यायची, नवीन चकचकीत पितळेला काही चिकटत नाही. गोंद नळीला पण लावायचा आणि भोकात पण, आणि नळी गोल गोल फिरवत आत सरकवायची म्हणजे हवा बाहेर येते. नळीची तोंडं प्ले-डोने नाहीतर मेणाने बंद कर, आत गोंद गेला तर किट बसणार नाही.

नळी दिसू नये म्हणून भोक आतून रंगवायचं. क्राफ्टचा साधा अॅक्रिलिक रंग, इअरबडने, आणि नळीला पण बाहेरून तोच. निळ्याला निळाच हवा असं नाही, पांढरा मारलास तर ब्लँक उजळ दिसतो, काळा मारलास तर गडद, आधी तुकड्यावर बघ. रंग मात्र पूर्ण वाळू दे, चोवीस तास, घाई केलीस तर नळी सरकवताना रंग खरवडला जाऊन परत डाग. स्लिमलाइन किटला नळी ७ मिलिमीटरची असते आणि ड्रिल पण ७ चं, पण रंगाचा थर जाड झाला तर नळी अडकते, अशावेळी ७.१ किंवा ७.२ चं ड्रिल मिळालं तर बघ.

रत्नागिरीहून, शिक्षिका: शाळेत मुलांनी बाटल्यांची झाकणं गोळा केली आहेत. ती वितळवून ब्लँक करता येतील का?

करता येतील. कोल्ड्रिंक आणि पाण्याच्या बाटल्यांची झाकणं बहुतेक एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीनची असतात, त्रिकोणात २ किंवा ५ आकडा असतो. दोन्ही वेगळी करून घ्या कारण त्यांचा वितळायचा अंश वेगळा आहे. स्वयंपाकाचा ओव्हन वापरू नका, आणि पीव्हीसीचा एकही तुकडा त्यात जाऊ देऊ नका, पाइपचे तुकडे, जुन्या वायरीचं कव्हर, काहीच नाही, तापलं की त्यातून हायड्रोक्लोरिक अॅसिडचा वायू निघतो. हे काम मोठ्यांनीच मोकळ्या हवेत करायचं, मुलांनी झाकणं रंगाप्रमाणे लावायची.

पण दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. या प्लास्टिकला काचेसारखी चमक येत नाही, मेणचट येते, कितीही घासा. आणि त्याला गोंद धरत नाही, अॅरल्डाइट पण नाही आणि फेव्हिक्विक पण नाही, म्हणून पितळी नळी घट्ट दाबूनच बसवावी लागते, भोक अगदी बेताचं. टूल मात्र खूप धारदार हवं, लांबच लांब फिती निघतात आणि मँड्रेलला गुंडाळतात, लेथ बंद करूनच त्या काढायच्या.

नाशिकहून: पेन एका बाजूला किटच्या रिंगला बरोबर बसतं, दुसऱ्या बाजूला कड वर येते. लेथ खराब आहे का?

मँड्रेलचा नट ढिला करा. लोक नट आवळतात, वर टेलस्टॉक (लेथचा मागून आधार देणारा भाग) पण आवळतात, बारीक रॉड मधून वाकतो आणि पेन लंबगोल होतं. ब्लँक मँड्रेलवर घसरायचा थांबेल एवढंच आवळायचं. त्याने नाही सुटलं तर ब्लँकची टोकं नळीला काटकोनात आहेत का बघा, बॅरल ट्रिमर (टोक सपाट करायचं हत्यार) फिरवून पितळ चमकेपर्यंत फेस करा. आणि बुशिंग (ब्लँकच्या टोकांना मापासाठी लावतात ती गोल कडी) जुनी असतील तर घासून घासून बारीक झालेली असतात, त्यांच्यावर भरवसा ठेवू नका, किटचा भाग कॅलिपरने मोजा. पांढरा ब्लँक असेल तर पॉलिशच्या वेळी लोखंडी बुशिंग काढून प्लास्टिकचे कोन लावा, नाहीतर बुशिंगची काळी पावडर पांढऱ्यात बसते.

ठाण्याहून: मी रेझिनचे दागिने करते. आता पेनाचे ब्लँक पण घरीच ओतायचे आहेत. इपॉक्सी महाग पडतं म्हणून फायबरवाल्यांकडचं जीपी (जनरल पर्पज) रेझिन आणलंय, सोबत दोन बाटल्या दिल्यात, हार्डनर आणि अॅक्सिलरेटर. पावसाळ्यात चालेल ना?

ताई, आधी त्या दोन बाटल्या घरात एकमेकींपासून लांब ठेवा, मग पुढचं वाचा. हार्डनर म्हणजे एमईकेपी, पेरॉक्साइड आहे, आणि अॅक्सिलरेटर म्हणजे कोबाल्ट. ही दोन थेट एकमेकांत मिसळली तर भडका उडतो, स्फोट पण होऊ शकतो. आधी अॅक्सिलरेटर रेझिनमधे टाकून पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर, आणि तो एक ते दोन टक्केच, वजन करून. दोन्हीला वेगळे चमचे, वेगळे कप. डोळ्यांना चष्मा हवाच, एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. दुकानदार हे सांगत नाहीत याचा मला मनापासून राग येतो.

आता ब्लँक म्हणून बोलायचं तर हे पॉलिएस्टर रेझिन ठिसूळ असतं, टर्निंग करताना काचेसारखे कपचे उडतात, म्हणून टूल धारदार आणि कट अगदी हलका. चमक मात्र सुरेख येते. हार्डनर जास्त पडला तर आतून तापून तडे जातात. त्यातल्या स्टायरीनचा वास घरभर राहतो, बाल्कनीतच ओता. इपॉक्सी त्यामानाने सुरक्षित आणि चिवट, पण दमट हवेत वर चिकट तवंग येतो आणि पूर्ण कडक व्हायला दोन-तीन दिवस जातात. नखाने दाबून खूण पडत असेल तर लेथला लावूच नका, ते च्युइंगमसारखं पेपरला चिकटणार. परदेशी व्हिडिओत जे पॉलियुरेथेन रेझिन दाखवतात ते पावसाळ्यात विसराच, ओलाव्याशी त्याची रिअॅक्शन होऊन गॅस होतो आणि ब्लँकचा जाळीदार पाव होतो.

न्यू जर्सीहून: इथल्या क्लबमधे सगळे अॅक्रिलिकची किट पेनं करतात. मला बाबांकडे होतं तसं काळं, ड्रॉपरने शाई भरायचं पेन करायचंय, किट न वापरता. कुठून सुरुवात करू?

तुमच्या बाबांचं पेन बहुतेक एबोनाइटचं असणार. एबोनाइट म्हणजे रबर आणि त्यात भरपूर गंधक घालून कडक केलेला माल, प्लास्टिकच्या कितीतरी आधीचा, एकोणिसाव्या शतकातला. आपल्याकडे एबोनाइटची पेनं हाताने अजून होतात, राजमहेंद्रवरमचं रत्नम १९३२ पासूनचं, चेन्नईचं गामा, तिरुवल्लूरचं रंगा, आणि आपल्या मुंबईचं एअरमेल-वॅलिटी. रत्नमचं पेन गांधीजींना कुमारप्पांमार्फत गेलं होतं, हे कुमारप्पा म्हणजे वर्ध्याच्या मगनवाडीतला ग्रामोद्योग संघ चालवणारे, आणि १९३५ च्या जुलैमधे गांधीजींनी पत्र लिहून कळवलं की पेन वापरलं, बाजारातल्या विलायती पेनांना चांगला पर्याय दिसतोय. परदेशी पेनाला पर्याय म्हणून केलेलं पेन आता तुम्ही परदेशात बसून करणार, हे मला आवडलं.

किटचं पेन ड्रॉपरचं होत नाही, कारण आत पितळेची नळी असते आणि शाई तिला खाते. ड्रॉपर पेनात शाई थेट बॅरलमधे, म्हणजे पेनाच्या पोकळ दांड्यात, म्हणून नळी नाही, गोंद नाही, सगळं काम आट्यांवर. निब आणि फीड (निबेखालचा शाई पोचवणारा भाग) घरी करायच्या भानगडीत पडू नका, जर्मन जोवोचं सहा नंबरचं निब हाउसिंगसकट (धरणाऱ्या भागासकट) घ्या, त्याच्या आट्या एम७.४ बाय ०.५, म्हणजे व्यास ७.४ मिलिमीटर आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.५, तो टॅप मिळतो. टोपणाला लोक तीन स्टार्टच्या टॅप-डायचा (आतल्या आणि बाहेरच्या आट्या पाडायच्या हत्यारांचा) सेट वापरतात, एम१३ बाय ०.८ हा बराच चालतो. पिच ०.८ पण तीन आट्या एकाच वेळी चालतात म्हणून एका फेऱ्यात टोपण २.४ मिलिमीटर पुढे जातं आणि एक-दीड फेऱ्यात उघडतं. साध्या आट्या केल्या तर दर सहीला चार-चार वेळा फिरवत बसाल. सेट स्वस्त नाही, क्लबमधे दोघातिघांत मिळून घ्या.

मालाचं म्हणाल तर पहिलं पेन अॅक्रिलिकमधेच करा, एबोनाइटमधे नको. एबोनाइट कापायला गोड आहे, टवके उडत नाहीत, पण टूलची धार लवकर खातं आणि गंधकाचा वास असा येतो की घरातले विचारायला येतात. आट्या कापताना दोन्हीला वंगण द्या, अॅक्रिलिकला साबणाचं पाणी पुरतं, आणि अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. बॅरलचं भोक आतूनही पॉलिश करा, पारदर्शक असेल तर नक्कीच, लाकडी काडीला टिश्यू गुंडाळून कंपाऊंड लावायचं. वापरताना आट्यांना सिलिकॉन ग्रीस, नाहीतर शाई खिशात. एबोनाइटचं पेन उन्हात ठेवू नका आणि गरम पाण्याने धुऊ नका, काळ्याचा रंग विटून शेवाळी-तपकिरी होतो. बाबांचं पेन तसं झालं असेल तर कारण बहुतेक हेच.

कोल्हापूरहून: पॉलिश करून आरशासारखं झालेलं अॅक्रिलिकचं पेन स्पिरिटने पुसून पॅक केलं. गिऱ्हाइकाचा फोन आला की आत केसासारख्या रेघा आल्यात. घासून जातील का?

नाही जाणार, त्या वरच्या नाहीत, आत गेलेल्या चिरा आहेत. टर्निंग आणि ड्रिलिंगमधे माल तापतो, थंड होताना आत ताण राहतो, आणि त्यावर स्पिरिट, थिनर, अॅसिटोन काही लागलं की तो ताण चिरा होऊन बाहेर येतो. कधी लगेच, कधी दोन दिवसांनी. अॅक्रिलिक पुसायला भांड्याच्या साबणाचं पातळ पाणी आणि मऊ टिश्यू, बस. जास्तीची काळजी घ्यायची असेल तर नळी आणि गोंद नसलेला ड्रिल केलेला तुकडा छोट्या ओव्हनमधे ८० अंशाला काही तास ठेवून बंद ओव्हनमधेच सावकाश थंड होऊ द्या, ताण बराच उतरतो. ओव्हनच्या डायलवर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा, शंभराकडे गेलं तर तुकडा वाकेल. गिऱ्हाइकाला नवीन पेन करून द्या आणि ते जुनं परत मागून घ्या, पितळी नळीला धरून चिरा गेल्यात की टोकाकडून आल्यात ते बघून तुमचं ड्रिल गरम होतंय की टूल ते कळेल. नळीला धरून असतील तर भोसरीच्या काकांना दिलेलं ड्रिलचं उत्तर वाचा.